खोकल्याची पहिली तारीख

"खोकला पहिल्यांदा कधी आला?" तिसऱ्या डॉक्टरांनी विचारलं.

"महिना झाला असेल," मी सांगून मोकळी झाले.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "अंदाज नको. तारीख हवी."

आता खोकल्याची तारीख कोण लक्षात ठेवतं? ताप कधी आला ते आठवतं, पाय कधी मुरगळला ते आठवतं. खोकला सुरू होतो तेव्हा तो खोकला आहे हेसुद्धा कळत नाही, घसा जरा खाकरला एवढंच वाटतं. मी मनातल्या मनात मागे मोजत गेले तर सगळ्या रात्री एकसारख्याच. उशा रचून बसलेली मी आणि शेजारी जागा नवरा. तरी मी पुन्हा म्हटलं, महिना. त्यावर त्या म्हणाल्या, "महिना असेल तर मी एक करीन, तीन आठवड्यांच्या आत असेल तर दुसरंच. घरी कोण कोण आहे, कुणी गरोदर आहे का, तान्हं बाळ आहे का, तेही सांगा."

गरोदर म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला. धाकट्या बहिणीला तिसावा आठवडा लागला होता आणि मी आदल्याच आठवड्यात दिवसभर तिच्याकडे राहून आले होते.

थोडं मागे जाते. पहिल्या डॉक्टरांकडे गेले तेव्हा सर्दीच जास्त होती. व्हायरल आहे, आठवड्यात जाईल, असं त्यांनी सांगितलं. ते चुकले असं मी म्हणणार नाही. माझा पुढे डांग्या खोकला निघाला, आणि त्याचे पहिले एक-दोन आठवडे साध्या सर्दीहून वेगळे दिसतच नाहीत, आणि नेमका तेव्हाच तो सर्वांत जास्त पसरतो. दुसऱ्या डॉक्टरांनी छाती तपासली, एक्स-रे काढला, सगळं स्वच्छ. ॲलर्जी म्हणून तोंडाने ओढायचा पंप दिला. मी तो इमानेइतबारे ओढला. काही उपयोग झाला नाही. या दुखण्याची गंमत अशी की दोन उबळींच्या मधे माणूस ठणठणीत असतो. ताप नाही, छातीत घरघर नाही. डॉक्टरांसमोर बसलेली बाई हसतखेळत बोलते आहे, तिला पाहून कुणाला काय वाटणार?

आणि रात्री तीन वाजता तीच बाई मोरीच्या कडेला धरून उभी असते. एक खोकला, त्याला जोडून दुसरा, तिसरा, सातवा, दहावा. मधे श्वास घ्यायला जागाच नाही. छातीतली शेवटची हवा पिळून निघेपर्यंत थांबायचं नाव नाही. डोळ्यांपुढे अंधारी. मग कसाबसा श्वास आत ओढला जातो आणि शेवटी उलटी. लहान मुलांमध्ये हा श्वास ओढताना जो कोंबडा आरवल्यासारखा आवाज येतो, तो मोठ्यांमध्ये बरेचदा येतच नाही. मला चार-पाच वेळाच आला असेल. त्या आवाजाची वाट पाहणाऱ्याला मोठ्या माणसाचा डांग्या खोकला सापडायचा नाही.

एका सकाळी उठले तर डाव्या डोळ्याचा पांढरा भाग लालभडक. खोकल्याच्या दाबाने बारीक रक्तवाहिनी फुटली होती. उजव्या बरगडीत शिंकलं तरी कळ यायची. मोठ्यांच्या खोकल्यात बरगडीला तडाही जातो, हे मला नंतर कळलं. आणखी एक गोष्ट, जी बायका एकमेकींनाही सांगत नाहीत म्हणून मुद्दाम लिहिते. उबळ आली की लघवी सुटायची. बेचाळिसाव्या वर्षी पॅड लावून शिकवणीच्या वर्गात उभी राहत होते. हेही या दुखण्याचं नेहमीचंच लक्षण आहे, पण डॉक्टरांनी विचारलं नाही तर आपण सांगत नाही आणि आपण सांगितलं नाही तर त्यांच्या डोक्यात येत नाही.

तारखेकडे येते. मी नववी-दहावीच्या मुलांना गणित शिकवते. गैरहजर मुलांसाठी प्रत्येक तासाचं फोनवर ध्वनिमुद्रण करते, हे मला दवाखान्यातून बाहेर पडताना आठवलं. तिथल्याच बाकावर बसून, कानात इयरफोन घालून, एकेक तास उलटा ऐकत गेले. २९ तारीख, २७ तारीख, खोकलाच खोकला. १५ला कमी. १३ला तासाभरात चार वेळा. १२ तारखेच्या मुद्रणात, त्रेचाळिसाव्या मिनिटाला, समीकरणाच्या मधोमध मी एकदा खोकले, "सॉरी हं" म्हणाले आणि पुढे गेले. ११ला काही नाही. १०लाही नाही.

त्या दिवशी ३० तारीख होती. म्हणजे महिना वगैरे काही नाही, एकोणिसावा दिवस. जागून काढलेल्या रात्री बहुधा दुप्पट मोजल्या जातात. मी परत आत गेले आणि सांगितलं, "१२ तारीख, संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास." डॉक्टरबाई पहिल्यांदाच हसल्या.

त्या एका आकड्यावर सगळं बदललं. डांग्या खोकल्याच्या जंतूंची पीसीआर तपासणी, म्हणजे जंतूंचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी, खोकल्याच्या पहिल्या तीन आठवड्यांत सर्वांत भरवशाची असते. चार आठवड्यांनंतर नाकाच्या मागच्या भागात जंतूच फारसे उरत नाहीत आणि मग रक्तातल्या प्रतिपिंडांकडे, म्हणजे अँटीबॉडीजकडे, वळावं लागतं. प्रतिजैविकाचंही तेच. आणि रुग्ण इतरांना आजार देऊ शकतो तोही साधारण पहिल्या तीन आठवड्यांतच. मी खरंच महिन्यावर गेले असते तर डॉक्टरांच्या हाती माझी समजूत काढण्यापलीकडे फारसं काही उरलं नसतं. आता हाती दोन दिवस होते.

स्वॅबची काडी घशात नव्हे, नाकातून आत, पार मागच्या भिंतीला टेकेपर्यंत जाते आणि तिथे काही क्षण धरून ठेवतात. तंत्रज्ञ मुलगी म्हणाली, कापसाचा बोळा चालत नाही, कापसातले घटक या जंतूंना सोसत नाहीत, म्हणून कृत्रिम धाग्याचा घेतो. इतका नाजूक प्राणी आणि माझी अशी दैना करतो! काडी बाहेर यायच्या आत मला उबळ आली आणि ती सराईतपणे बाजूला सरकली.

निकालाची वाट न पाहता डॉक्टरांनी ॲझिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक सुरू केलं, पाच दिवसांचं. मी आशेने विचारलं, "म्हणजे आता आठवड्यात थांबेल?"

"नाही. हे औषध तुमच्यासाठी नाहीच, इतरांसाठी आहे."

मग त्यांनी समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. बोर्डेटेला पर्टुसिस हा जंतू श्वासनलिकेच्या आतल्या बारीक केसांना चिकटतो. हे केस सतत हलत राहून कफ वर ढकलत असतात, झाडू मारल्यासारखे. जंतूंच्या विषांनी त्या केसांच्या पेशी मरतात आणि झाडलोट बंद पडते. कफ बाहेर काढायला उरतो तो फक्त खोकला. जंतू गेले तरी पेशी नव्याने उगवायला आठवडेच्या आठवडे लागतात. पहिल्या एक-दोन आठवड्यांतच औषध मिळालं तर आजार थोडा सौम्य होऊ शकतो. माझी ती वेळ टळून गेली होती. पण पाच दिवसांचं औषध झालं की मी दुसऱ्यांना धोकादायक राहणार नव्हते. तोवर घराबाहेर पडायचं नाही.

दोन दिवसांनी निकाल आला. पॉझिटिव्ह.

"पण मला लहानपणी त्रिगुणी लस टोचली होती," मी फोनवर म्हटलं. त्रिगुणी म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात या तिन्हींवरची. माझ्या आवाजात तक्रार होती.

"कधी?"

पुन्हा तेच. कधी! शेवटची मात्रा पाचव्या-सहाव्या वर्षी. म्हणजे छत्तीस-सदतीस वर्षांपूर्वी. या लसीचं संरक्षण साधारण चार ते बारा वर्षं टिकतं असं अभ्यासांवरून मानतात. प्रत्यक्ष आजार होऊन गेला तरी चार ते वीस वर्षं. जन्मभराचं काहीच नाही. माझी आई मोठ्या ऐटीत सांगत होती, "मला लहानपणी झालाय डांग्या, मला परत व्हायचा नाही." आईचं वय अडुसष्ट. तिचा हिशोब मी तिला मांडून दाखवला तर म्हणाली, "तुमच्या शाळेत सगळ्याचीच वजाबाकी." गोळ्या मात्र मुकाट्याने घेतल्या.

घरात राहणाऱ्या सगळ्यांना तेच औषध प्रतिबंधक म्हणून देतात, लस झालेली असो वा नसो. प्रतिकारशक्ती नसलेल्या घरातल्या दहांपैकी आठ-नऊ जणांना हा आजार पकडतो. नवरा, आई, तेरा वर्षांची लेक, तिघांची औषधं एकाच दिवशी सुरू झाली. लेकीचं लसीकरणाचं कार्ड काढलं तेव्हा माझी दुसरी चूक सापडली. दहाव्या वर्षी तिला एक इंजेक्शन दिलं होतं आणि मी समजून चालले होते की तेच ते, त्रिगुणी. कार्डावर होतं टीडी. म्हणजे धनुर्वात आणि घटसर्प. डांग्या खोकल्याचा भाग असलेली किशोरांची आणि मोठ्यांची लस म्हणजे टीडॅप. त्यातला शेवटचा "पी" पर्टुसिसचा. एवढ्याशा अक्षराकडे मी तीन वर्षांत कधी पाहिलं नव्हतं.

त्याच कार्डावर आणखी एक गोष्ट होती. लेक तान्ही असताना आम्ही तिला मुद्दाम "न दुखणारी" लस दिली होती. जुन्या लसीत अख्खे मारलेले जंतू असतात. ताप येतो, मांडी सुजते, पोर रात्रभर रडतं. नव्या लसीत जंतूंचे निवडक, शुद्ध केलेले भागच असतात, त्यामुळे त्रास कमी. ही नवी लस जपानने १९८१ साली प्रथम वापरात आणली आणि त्याला कारणही तसंच होतं. १९७५च्या सुमारास जुन्या लसीनंतर दोन बाळं दगावल्याने तिथे लसीकरण थांबवलं गेलं, लोकांचा विश्वास उडाला आणि १९७९मध्ये डांग्या खोकल्याचे १३,००० रुग्ण आणि ४१ मृत्यू झाले. लोक घेतील अशी लस हवीच होती. पण तिचं संरक्षण जुन्या लसीपेक्षा लवकर ओसरतं, हे पुढे वर्षं गेली तेव्हा लक्षात आलं. त्यामुळे तेरा-चौदा वर्षांची मुलं, दाटीवाटीने बाकांवर बसणारी, हा आजार घ्यायला आणि द्यायला अगदी तयार असतात. लेकीच्या बाबतीत तेव्हाचा निर्णय मी आज बदलला असता का? ठाऊक नाही. तिच्या रडण्याचा आवाज अजून कानात आहे.

आता फोन. विद्यार्थी चौदा. शिकवणी बंद केली तेव्हा आधी लिहून पाठवावं असं वाटलं, पण लेखी निरोप कुणी नीट वाचत नाही. एकेकाच्या घरी बोलले. "अहो, तो तर लहान मुलांना होतो ना?" हे वाक्य मी त्या दुपारी किमान नऊ वेळा ऐकलं. प्रत्येक वाक्यानंतर मला खोकला यायचा आणि ते आपोआप उत्तर व्हायचं. एका मुलीच्या घरी चार महिन्यांचा भाऊ होता. तिच्या आईला मी म्हटलं, "आज संध्याकाळीच बाळाच्या डॉक्टरांना फोन करा. उद्या नको." बाळांना खोकलाही नीट येत नाही, त्यांचा श्वासच मधे थांबतो. त्या मायलेकी त्याच दिवशी गेल्या, सगळ्यांना औषध मिळालं, बाळाला काही झालं नाही.

शेवटचा फोन मी टाळत होते. मागच्या बाकावरच्या एका मुलाला महिन्याच्या सुरुवातीला खूप खोकला होता, असं अंधुक आठवत होतं. म्हणून ३ तारखेचा तास लावला. विसाव्या मिनिटाला तो आवाज आला. सलग अकरा खोकले मोजले मी, मग आत ओढलेला लांब श्वास, खुर्ची सरकल्याचा आवाज. आणि त्यावर माझा आवाज, "जा, पाणी पिऊन ये रे." लगेच पुढचं उदाहरण.

३ ते १२. नऊ दिवस. जंतू शिरल्यापासून लक्षणं दिसायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. पाठ्यपुस्तकातलं उदाहरण इतकं बिनचूक क्वचित सुटतं.

त्याच्या आईला मी जपून सांगितलं. तरी त्या दुखावल्याच. "म्हणजे आमच्यामुळे?" त्यांनी त्याला दोनदा दवाखान्यात नेलं होतं. एकदा ॲलर्जी सांगितली, दुसऱ्यांदा तर अभ्यास टाळायला करतोय असंही सुचवलं होतं. मी म्हटलं, "त्यालाही कुणीतरी दिलाच असेल ना. आणि माझ्या समोर तो खोकत होता तेव्हा मी त्याला पाणी प्यायला पाठवलं." पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्यांनी विचारलं, रात्री उलटी होते तेव्हा काय करायचं. पुढची वीस मिनिटं आम्ही दोघी रात्रींबद्दलच बोललो.

उबळींवर औषध नाही, हे मला त्यांना सांगावं लागलं. खोकल्याची पातळ औषधं इथे काही करत नाहीत. थोडं थोडं खायचं, धूर-धुळीपासून लांब राहायचं, उबळ आली की पुढे वाकून बसायचं आणि घाबरायचं नाही. घाबरायचं नाही हे सांगणं सोपं.

बहिणीचा फोन मी खरं तर सर्वांत आधी केला होता, लिहिताना मागे ठेवला. २२ तारखेला, म्हणजे माझ्या अकराव्या दिवशी, मी तिच्या शेजारी बसून बाळाच्या दुपट्यांच्या घड्या घालत होते. आणि खोकत होते.

"ताई, माझं इंजेक्शन झालंय," ती म्हणाली, "दोन्ही झालीत."

"कार्डावर काय लिहिलंय वाच."

"टी... डी."

मी काही बोलले नाही. तीच म्हणाली, "हे ते नाही का?"

तिच्या डॉक्टरांनी त्याच दिवशी तिला प्रतिबंधक औषध सुरू केलं आणि दुसऱ्या दिवशी टीडॅप दिली. गरोदरपणी साधारण २७ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान ही लस देतात, त्यामागचा विचार मला फार आवडला. संरक्षण आईपेक्षा बाळाला हवं असतं. लस घेतल्यावर दोनेक आठवड्यांत आईची प्रतिपिंडं वाढतात आणि वारेतून बाळाकडे जातात. बाळाची स्वतःची पहिली मात्रा सहा आठवड्यांच्या आधी देता येत नाही. तोवरचे दिवस, म्हणजे सर्वांत घातक दिवस, ते आईकडून घेतलेल्या शिदोरीवर काढतं. प्रतिपिंडं ओसरतात म्हणून ही लस प्रत्येक गरोदरपणात नव्याने घ्यायची. ब्रिटनमध्ये २०१२च्या साथीत तान्ही बाळं दगावली, त्या ऑक्टोबरपासून तिथे गरोदर स्त्रियांना लस देऊ लागले, आणि जन्मल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांतला आजार टाळण्यात तिचा गुण सुमारे ९० टक्के आढळला.

मोठ्यांना मिळणाऱ्या टीडॅपचे आकडे इतके देखणे नाहीत, आणि हे आधी कळलं तर नंतर फसवल्यासारखं वाटत नाही. नव्या लसीवर वाढलेल्या किशोरांमध्ये पहिल्या वर्षी ती सुमारे ७० टक्के काम करते, चार वर्षांनी १० टक्क्यांच्याही खाली येते. लेकीने हे ऐकून विचारलं, "मग घ्यायची कशाला?" बरोबर प्रश्न. लस घेतलेल्याला आजार झाला तरी तो बहुधा सौम्य होतो, हे एक उत्तर. दुसरं असं की मावशीचं बाळ यायला नऊ आठवडे आहेत. आत्ता घेतली तर नेमकं त्या काळात तिचं संरक्षण भरात असेल. "म्हणजे परीक्षेच्या आदल्या आठवड्यात केलेला अभ्यास," ती म्हणाली. माझीच मुलगी.

औषधांचे दिवस संपल्यावर लेकीने आणि नवऱ्याने लस घेतली, आईने आढेवेढे घेऊन घेतली, आणि तब्येत सावरल्यावर मीही घेतली, कारण होऊन गेलेल्या आजारावर भरवसा ठेवायचा नाही हे आता कळलं होतं. दंड दोन दिवस ठणकला. लेकीला एक रात्र कसकस वाटली. बास.

घरात डांबलेल्या दिवसांत मी या जंतूंविषयी मिळेल ते वाचलं. बोर्डे आणि जांगू या शास्त्रज्ञांनी १९०६मध्ये हा जंतू वेगळा काढून वाढवला, हे वाचलं. पण जीव गुंतला तो पर्ल केंड्रिक आणि ग्रेस एल्डरिंग या दोघी शास्त्रज्ञ बायकांमध्ये. १९३२मध्ये अमेरिकेतल्या ग्रँड रॅपिड्स गावात, दिवसभराचं प्रयोगशाळेतलं काम उरकून, या दोघी संध्याकाळी घरोघरी जायच्या आणि आजारी मुलांना जंतू वाढवायच्या ताटलीवर खोकायला लावायच्या. ताटलीवर जंतू उगवले तर निदान पक्कं, आणि मूल अजून किती दिवस दुसऱ्यांना आजार देईल तेही तिच्यावरून ठरवायचं. त्यातूनच पुढे त्यांची लस उभी राहिली. माझ्या फोनमधल्या तासांकडे मी तेव्हापासून त्या ताटल्यांसारखंच बघते. एकही पुसलेला नाही.

खोकला मात्र सावकाश गेला. पन्नासाव्या दिवशी रात्री दोन उबळी, सत्तराव्या दिवशी एक. मधे एकदा साधी सर्दी झाली तर सगळं परत पहिल्यासारखं सुरू झालं आणि मी घाबरून डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, हे असंच होतं, नवा आजार नाही, झाडूवाले अजून नवखे आहेत. चिनी भाषेत याला शंभर दिवसांचा खोकला म्हणतात, असं वाचलं होतं. ते नाव ठेवणाऱ्याने नक्की मोजले असणार.

भाची झाली तेव्हा मी दवाखान्यात गेले नाही. माझ्यापासून कुणाला काही होणार नाही हे डोक्याला पटलं होतं, पाय उचलत नव्हते. आठवडाभराने बहिणीनेच बोलावलं. दारात हात धुतले, मास्क लावला आणि खोलीच्या उंबऱ्यावर उभी राहिले. तिने बाळ उचललं, माझ्याकडे पाहिलं.

"ताई, कितवा दिवस?"

"अठ्ठ्याऐंशीवा."

"काल रात्री?"

"एकदाच. उलटी नाही."

तिने क्षणभर हिशोब केला आणि बाळ माझ्या हातात दिलं. कपाटाच्या दाराला नवं कोरं कार्ड अडकवलं होतं. पहिल्या मात्रेच्या रकान्यात तिने पेन्सिलने तारीख लिहून ठेवली होती. तिला अजून पाच आठवडे होते.